कमिट न केलेले बदल मागे घेताना गिटमध्ये नेमके काय पुसले जाते?

नदीकाठ (धागा)

सर्वांना नमस्कार. एका मुक्तस्रोत प्रणालीच्या मराठी भाषांतराचे काम मी काही महिन्यांपासून संध्याकाळच्या वेळेत करते. सगळी वाक्ये एकाच पीओ फाइलमध्ये (मूळ वाक्य आणि त्याचे भाषांतर जोडीने ठेवणारी फाइल) असतात आणि ती फाइल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीच्या रेपोमध्ये, म्हणजे संग्रहात, आहे. सोमवारी मी साधारण १४० वाक्ये पूर्ण केली, 'गिट ॲड' केले आणि तेवढ्यात वीज गेल्यामुळे कमिट न करताच, म्हणजे बदल गिटमध्ये कायमचे न नोंदवताच, लॅपटॉप बंद केला. मंगळवारी आणखी ९५ वाक्ये झाली. त्यानंतर 'गिट डिफ' पाहिले, तेव्हा माझ्या वाक्यांबरोबर शीर्षभागातली बदललेली तारीख आणि पोएडिट या भाषांतर-संपादकाने जागोजागी नव्याने तोडलेल्या ओळी असे कितीतरी निरर्थक बदल दिसले. असले बदल पाठवू नयेत, असे समन्वयकांनी आधीच सांगितलेले होते. म्हणून तेवढेच मागे घ्यावेत, असा माझा विचार होता.

शोधाशोध केल्यावर 'गिट चेकआउट एमआर.पीओ' ही आज्ञा मिळाली आणि मी ती दिली. गिटने काहीही विचारले नाही. एक ओळ उमटली आणि 'गिट डिफ' रिकामे झाले. 'गिट स्टेटस' मात्र तीच फाइल बदललेली असल्याचे हिरव्या अक्षरांत सांगत राहिले. त्यामुळे काम अर्धवट राहिले आहे असे वाटून मी 'गिट रीसेट --हार्ड' दिले. त्यानंतर पोएडिटमध्ये फाइल उघडली, तर दोन्ही दिवसांची वाक्ये गेलेली होती आणि फाइल गेल्या आठवड्यातल्या कमिटइतकीच उरली होती. 'गिट रेफलॉग' पाहिला, पण त्यात या कामाचा काहीच मागमूस नाही.

२३५ वाक्यांचे काम आहे आणि त्यातल्या काही शब्दांवर मी बराच वेळ विचार केला होता. यातले काही परत मिळण्याजोगे आहे का?

उंबरठा

नदीकाठ, सविस्तर नंतर लिहितो, पण त्याआधी चार गोष्टी कृपया लगेच पाळा. पोएडिट उघडे असेल तर काहीही सेव्ह न करता तसेच बंद करा. 'गिट जीसी' आणि 'गिट क्लीन' या साफसफाईच्या दोन्ही आज्ञा देऊ नका. संपूर्ण प्रकल्प फोल्डर, त्यातल्या लपलेल्या '.गिट' फोल्डरसह, दुसऱ्या जागी कॉपी करून ठेवा आणि पुढचे सगळे प्रयोग त्या प्रतीवर करा. मग एवढे सांगा की पीओ फाइलच्या शेजारी एमओ फाइल (पीओवरून तयार होणारी, संगणकाने वाचायची प्रत) आहे का, आणि असल्यास तिच्यावर कोणती तारीख व वेळ आहे?

नदीकाठ

तत्परतेबद्दल आभारी आहे. प्रत करून ठेवली. पोएडिट उघडे होते, परंतु सेव्ह केलेले नव्हते. ते बंद केले. 'एमआर.एमओ' नावाची फाइल आहे आणि तिच्यावर मंगळवार रात्री १० वाजून ४२ मिनिटांची वेळ दिसते. ही फाइल 'गिटइग्नोर'मध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत, नोंदवलेली आहे.

उंबरठा

तर मग तुमचे बहुतेक काम जिवंत आहे. कसे ते समजावे म्हणून थोडे मागून सांगतो, कारण तुम्ही दिलेल्या दोन आज्ञांनी दोन वेगवेगळ्या जागांवर काम केले आणि हा फरक लक्षात आला की परतीची वाट आपोआप कळते. आज्ञा मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहीत आहे. टर्मिनलवर त्या नेहमीच्या रोमन अक्षरांतच द्याव्यात.

गिटमध्ये एका फाइलचा मजकूर एकाच वेळी तीन ठिकाणी असू शकतो. पहिली जागा म्हणजे शेवटचे कमिट, ज्याला आपण हेड म्हणतो. दुसरी जागा म्हणजे इंडेक्स, म्हणजे 'गिट ॲड' केल्यावर पुढच्या कमिटसाठी मजकूर जिथे ठेवला जातो ती. तिसरी जागा म्हणजे डिस्कवरची प्रत्यक्ष फाइल, जी आपण संपादकात उघडतो. तुमच्या बाबतीत मंगळवारी रात्री हेडमध्ये गेल्या आठवड्याची फाइल होती, इंडेक्समध्ये सोमवारची होती आणि डिस्कवर मंगळवारची होती.

'गिट चेकआउट फाइल' ही आज्ञा हेडकडे पाहतच नाही. ती इंडेक्समधला मजकूर उचलते आणि डिस्कवरच्या फाइलवर घालते. तुम्हाला जी एक ओळ दिसली, तिच्यात इंग्रजीत 'इंडेक्समधून' असाच उल्लेख असतो. त्यामुळे त्या क्षणी मंगळवारचे काम गेले, पण सोमवारची १४० वाक्ये डिस्कवर आणि इंडेक्समध्ये शाबूत होती. ती हिरवी अक्षरे हेच सांगत होती की कमिटसाठी ठेवलेला मजकूर अजून बाकी आहे. 'रीसेट --हार्ड' मात्र इंडेक्स आणि डिस्क या दोन्ही जागा हेडप्रमाणे करून टाकते, म्हणून त्या आज्ञेने सोमवारचे कामही दिसेनासे झाले.

'दिसेनासे झाले' हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरला आहे. 'गिट ॲड' करताना गिट फाइलचा संपूर्ण मजकूर दाबून '.गिट' फोल्डरमधल्या ऑब्जेक्ट्समध्ये लिहून ठेवते आणि इंडेक्समध्ये त्याचा फक्त ४० अक्षरांचा क्रमांक नोंदवते. 'रीसेट'ने तो क्रमांक इंडेक्समधून काढला, पण मजकूर जिथे होता तिथेच आहे. त्याच्याकडे बोट दाखवणारे कोणी उरलेले नाही, एवढेच. असा अनाथ मजकूर साफसफाईच्या वेळी काढला जातो, आणि ती साफसफाई मूळ सेटिंगनुसार दोन आठवड्यांपेक्षा जुन्या अनाथ ऑब्जेक्ट्सनाच हात लावते. रेफलॉगमध्ये तुम्हाला काही सापडले नाही हे स्वाभाविक आहे, कारण रेफलॉगमध्ये हेड आणि ब्रँच (कामाच्या शाखा) कुठून कुठे सरकल्या याची नोंद असते, आणि जे कधी कमिटच झाले नाही त्याची नोंद तिथे होत नाही.

आता कृती. प्रतीच्या फोल्डरमध्ये जाऊन 'गिट एफएससीके --लॉस्ट-फाउंड' द्या. अनाथ मजकूर '.गिट/लॉस्ट-फाउंड/अदर' या फोल्डरमध्ये स्वतंत्र फाइल म्हणून उतरेल. फाइलचे नाव ऑब्जेक्टमध्ये साठवले जात नाही, म्हणून तिथे केवळ क्रमांक दिसतील आणि सगळ्या फाइलींवर आत्ताचीच वेळ असेल. वेळेवरून ओळखायला जाऊ नका. सोमवारी तुम्ही केलेले एखादे खास वाक्य आठवा आणि 'ग्रेप' या शोधाच्या आज्ञेने ते त्या फोल्डरमध्ये शोधा. ज्या फाइलमध्ये ते सापडेल ती तुमची सोमवारची पीओ फाइल, टिपणांसह आणि अर्धवट वाक्यांसह, जशीच्या तशी.

मंगळवारचे काम 'ॲड' झालेले नव्हते, म्हणून ते गिटला कधी कळलेच नाही, आणि जे गिटला कळले नाही ते गिट परत देऊ शकत नाही. परंतु पोएडिट सेव्ह करताना एमओ फाइलही तयार करते, आणि तुमच्या फाइलवरची वेळ पाहता तिच्यात मंगळवारपर्यंतची पूर्ण झालेली वाक्ये असली पाहिजेत. ती फाइल 'गिटइग्नोर'मध्ये असल्यामुळे 'रीसेट'ने तिला स्पर्श केला नाही. तुम्ही पोएडिटमध्ये नुसते सेव्ह केले असते तरी जुन्या मजकुराची एमओ तिच्यावर बसली असती, म्हणून सकाळी घाईने तेवढेच आधी लिहिले. गेटटेक्स्ट या भाषांतराच्या साधनसंचामध्ये 'एमएसजीअनएफएमटी' नावाची आज्ञा असते. ती एमओ फाइलची पुन्हा पीओ फाइल करून देते.

कोष्टी

वरील प्रतिसाद उत्तम आहे. त्यात एक भर घालते. एमओ फाइलमध्ये 'फझी' (म्हणजे अजून तपासायचे) खूण असलेली वाक्ये सहसा जात नाहीत, तसेच भाषांतरकाराची टिपणे आणि वाक्य कोठून आले त्या ओळींचे संदर्भही जात नाहीत. म्हणून केवळ एमओवरून फाइल न बनवता सोमवारची सापडलेली फाइल आणि एमओवरून बनवलेली फाइल यांचा मेळ घालावा. 'एमएसजीकॅट --यूज-फर्स्ट' या आज्ञेला मंगळवारची फाइल आधी आणि सोमवारची नंतर दिली, तर प्रत्येक वाक्याचे पहिले उपलब्ध भाषांतर घेतले जाते. त्यानंतर फझी खुणा एकदा डोळ्यांखालून घालाव्यात. पोएडिटची स्वतःची भाषांतर-स्मृती चालू असेल, तर उरलेल्या वाक्यांसाठी तिथेही सुचवण्या मिळू शकतील.

आज्ञांच्या नावांविषयी मला मनापासून एक म्हणायचे आहे. 'चेकआउट' या एकाच शब्दावर वर्षानुवर्षे दोन अगदी वेगळी कामे लादलेली होती: एक ब्रँच बदलण्याचे, जे सहसा निर्धोक असते आणि बदल पुसले जाणार असतील तर गिट स्वतःच अडवते, आणि दुसरे फाइलवर जुना मजकूर घालण्याचे, जे काहीही न विचारता काम पुसते. ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत ही दोन कामे 'स्विच' आणि 'रिस्टोअर' अशी वेगळी झाली. नवीन शिकणाऱ्याला आज मी 'चेकआउट' शिकवतच नाही. 'गिट रिस्टोअर फाइल' म्हणजे इंडेक्सवरून डिस्कवर, 'गिट रिस्टोअर --स्टेज्ड फाइल' म्हणजे हेडवरून इंडेक्समध्ये, आणि दोन्ही जागा हेडप्रमाणे हव्या असतील तर 'गिट रिस्टोअर --सोर्स=हेड --स्टेज्ड --वर्कट्री फाइल'. शेवटची आज्ञा लांबलचक आहे आणि मला तेच योग्य वाटते, कारण ती लिहितानाच आपण कोणत्या जागा पुसत आहोत हे वाचले जाते. यातली मधली आज्ञा डिस्कवरच्या फाइलला हात लावत नाही, म्हणजे चुकून 'ॲड' केलेले मागे घेण्यासाठी ती निर्धास्तपणे वापरावी.

माळरान

हा दोष आपल्या वापराइतकाच साधनाच्या रचनेचाही आहे, असे मला वाटते. मर्क्युरिअल ही प्रणाली गिटप्रमाणेच एप्रिल २००५ मध्ये, लिनक्स कर्नलच्या कामासाठी बिटकीपर ही आधीची अशीच प्रणाली मोफत मिळणे थांबल्यानंतर सुरू झाली. तिच्यात 'एचजी रिव्हर्ट' दिल्यावर बदललेली फाइल मूळ नावापुढे 'ओरिग' जोडून शेजारी ठेवली जाते, आणि ही प्रत नको असेल तर तसे मुद्दाम सांगावे लागते. मी ज्या ठिकाणी आधी काम करत होतो, तिथे या 'ओरिग' फाइलींचा कचरा होतो अशी सगळ्यांची तक्रार असे. पण त्याच कचऱ्यातून मी स्वतः दोन वेळा पूर्ण दिवसाचे काम परत काढले आहे. सबव्हर्जन या तशाच आणखी एका प्रणालीचा 'रिव्हर्ट' मात्र गिटसारखाच प्रत न ठेवता पुसतो. त्यातल्या त्यात एवढे बरे की फोल्डरचे नाव दिले तरी तो आपणहून आतल्या फाइलींपर्यंत उतरत नाही, तसे वेगळे सांगावे लागते.

माझ्या मते, बदल टाकायचे असतील तेव्हा 'रिस्टोअर'ऐवजी 'गिट स्टॅश' करावे. फाइल स्वच्छ होते आणि टाकलेले बाजूला राहते.

कोष्टी

माळरान, याच्याशी मी अर्धी सहमत आहे. स्टॅश म्हणजे आतून कमिटच असते. त्यामुळे चुकून 'स्टॅश ड्रॉप' केले, तरी पडद्यावर उमटलेला क्रमांक घेऊन 'गिट स्टॅश अप्लाय' करता येते, आणि क्रमांक हरवला तर 'एफएससीके' ते कमिट शोधून देते. 'रिस्टोअर'ने पुसलेल्याला ही सोय नाही. तथापि दोन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली अशी की साधा स्टॅश नव्या, म्हणजे गिटला अजून माहीत नसलेल्या फाइली घेत नाही. त्यासाठी 'गिट स्टॅश -यू' द्यावे लागते. दुसरी अशी की लोक स्टॅशला नाव देत नाहीत. सहा महिन्यांनी यादीत १५ नोंदी दिसतात, सगळ्यांवर त्याच ब्रँचचे नाव असते, आणि कोणती टाकावी हे कोणालाच ठरवता येत नाही. 'गिट स्टॅश पुश -एम' देऊन पुढे मराठीत एक ओळ लिहावी. देवनागरी तिथे व्यवस्थित चालते.

ओसरी

धाग्याच्या विषयाशी लागून असलेला एक प्रश्न विचारतो. माझ्या विंडोज संगणकावर एक फाइल 'गिट रिस्टोअर' केल्यानंतरही बदललेलीच दिसते. 'रीसेट --हार्ड' केले तरी तेच. मी तिच्यात एक अक्षरही बदललेले नाही.

उंबरठा

ओसरी, हा बदल तुमचा नाही, ओळीच्या शेवटाचा आहे. विंडोजवर ओळ दोन अदृश्य चिन्हांनी संपते आणि लिनक्सवर एका. तुमच्या रेपोमध्ये ती फाइल दोन चिन्हांसह कमिट झालेली असावी, आणि नंतर कोणीतरी 'गिटॲट्रिब्यूट्स' या रेपोच्या नियमांच्या फाइलमध्ये मजकुराच्या फाइली एकाच चिन्हाने साठवाव्यात असा नियम घातला असावा. मग गिट कितीही वेळा फाइल परत आणो, तुलना करताना नियमाप्रमाणे ती वेगळीच दिसते. 'गिट ॲड --रीनॉर्मलाइझ .' देऊन एक स्वतंत्र कमिट केले की हे थांबते. मात्र संघातल्या इतरांना आधी कल्पना द्यावी, कारण त्या कमिटमध्ये बऱ्याच फाइली पूर्णच्या पूर्ण बदललेल्या दिसतात. 'गिट डिफ'मध्ये मजकुराऐवजी १००६४४ आणि १००७५५ असे आकडे दिसत असतील, तर फरक फाइल चालवण्याच्या परवानगीचा आहे. पेन ड्राइव्हवरून किंवा दुसऱ्या प्रणालीवरून फोल्डर आणल्यास असे होते. तेव्हा 'कोअर.फाइलमोड' हे सेटिंग त्या रेपोपुरते बंद करावे.

नदीकाठ

सर्वांना मनःपूर्वक धन्यवाद. काल रात्री बसून सगळे केले आणि काय झाले ते नोंदवते, म्हणजे पुढे कोणाला उपयोग होईल.

'लॉस्ट-फाउंड/अदर' या फोल्डरमध्ये ३१ फाइली उतरल्या. सोमवारी मी 'साठवणीची जागा भरत आली आहे' असे एक वाक्य लिहिले होते, ते शोधले. ते दोन फाइलींमध्ये सापडले, कारण सोमवारी मी 'ॲड' दोनदा केले होते हे मी विसरले होते. त्यातली मोठी फाइल घेतली. तिच्यात १४० वाक्ये आणि माझी सर्व टिपणे जशीच्या तशी होती. एमओ फाइलवरून बनवलेल्या पीओमध्ये मंगळवारच्या ९५ पैकी ८४ वाक्ये मिळाली. दोन्ही फाइली 'एमएसजीकॅट'ने एकत्र केल्या, पोएडिटमध्ये उघडून प्रत्येक वाक्य पाहिले आणि सर्वांत आधी कमिट केले.

उरलेली ११ वाक्ये फझी होती, ती गेली. पोएडिटच्या स्मृतीत त्यांपैकी एकही नव्हते. ती आज पुन्हा केली. एका गोष्टीची मात्र हळहळ वाटते. 'स्टोरेज'साठी 'साठा' न घेता 'साठवण' का घेतले, याबद्दल मंगळवारी मी चार ओळींचे टिपण लिहिले होते, आणि पुढच्या भाषांतरकारासाठी तेच सर्वांत उपयोगी होते. तो विचार आता पुन्हा शब्दांत आणते आहे, पण पहिल्यासारखा नेमका उतरत नाही.

माझा मूळ प्रश्न मात्र तसाच आहे. तारखेचे आणि ओळी तोडण्याचे नको असलेले बदल या फाइलमध्ये पुन्हा आलेच आहेत. ते तेवढेच कसे काढावेत?

उंबरठा

नदीकाठताई, ८४ वाक्ये परत मिळाली हे वाचून फार बरे वाटले.

तुम्ही कमिट आधीच केले आहे, ते उत्तम झाले. ते कमिट अजून कोणाला पाठवलेले नसेल तर त्याला हात न लावता 'गिट ब्रँच जतन' देऊन त्याच्यावर एक ब्रँच ठेवा. आता 'गिट रीसेट हेड~१' द्या, पुढे 'हार्ड' न लावता. कमिट उलगडेल, पण डिस्कवरची फाइल तशीच राहील. त्यानंतर 'गिट ॲड -पी' द्या. गिट फाइलचे तुकडे एकेक करून दाखवील. तुमचे भाषांतर असलेल्या तुकड्याला 'वाय', नुसत्या तोडलेल्या ओळीच्या तुकड्याला 'एन', आणि दोन्ही एकत्र आले असतील तर 'एस' देऊन तो तुकडा आणखी फोडा. 'एस'ने फुटला नाही तर 'ई' देऊन तो तुकडा संपादकात उघडतो आणि नको असलेल्या ओळी हाताने काढता येतात. पीओ फाइलमध्ये ही वेळ बऱ्याचदा येते. सगळे झाले की 'गिट डिफ --स्टेज्ड' पाहा, म्हणजे जे कमिट होणार आहे तेवढेच दिसेल. ते ठीक वाटल्यावर कमिट करा, आणि त्यानंतरच 'गिट रिस्टोअर एमआर.पीओ' द्या. त्या वेळी डिस्कवर केवळ नको असलेलेच उरलेले असेल.

'गिट रिस्टोअर -पी' देऊन उलट बाजूने, म्हणजे नको असलेले तुकडे निवडून टाकतही हेच करता येते. मी ते सुचवत नाही. तिथे 'वाय' म्हणजे 'पुसा' असा अर्थ असतो, आणि दीडशेव्या तुकड्याशी पोहोचेपर्यंत बोट सवयीने चालू लागलेले असते.

माळरान

कोणी नव्या फाइलींच्या शोधात इथे आले तर त्यांच्यासाठी एक नोंद: वर सांगितलेल्या 'रिस्टोअर' आणि 'रीसेट' यांपैकी कोणतीही आज्ञा, कधीच 'ॲड' न झालेल्या फाइली काढत नाही. त्यासाठी 'गिट क्लीन' आहे, आणि तिला आधी 'गिट क्लीन -एनडी' असे देऊन काय काय जाणार आहे याची यादी वाचावी. 'एक्स' जोडल्यास 'गिटइग्नोर'मधल्या फाइलीही जातात. नदीकाठ यांची एमओ फाइल त्याच यादीत गेली असती.

नदीकाठ

'ॲड -पी' पद्धतीने सर्व तुकडे वेगळे केले; साधारण दोन तास लागले. सहा ठिकाणी 'ई' वापरावे लागले. 'साठवण'विषयीचे टिपण नव्याने लिहून त्याच कमिटमध्ये घातले आहे. समन्वयकांकडे आज सकाळी पाठवले.